जंतू, जीवाणू आणि सूक्ष्मजीव : एका शालेय पाठातील संज्ञांचा इतिहास

शालेय विज्ञानातील सूक्ष्मजीवांचा पाठ बहुधा व्याख्येने सुरू होतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणारे सजीव ते सूक्ष्मजीव. त्यांचे प्रकार जीवाणू, विषाणू, कवक, शैवाल व आदिजीव, असे विद्यार्थ्यास प्रारंभीच सांगितले जाते. ही नावे एका ओळीत मांडलेली असल्यामुळे ती एकाच वेळी व एकाच तत्त्वावर बनविली गेली असावीत, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांतील काही नावे आकारावरून पडली आहेत, काही परिणामावरून, तर काही अज्ञानावरून. शिवाय विद्यार्थी वर्गात येतो तो ह्या नावांपैकी एकही बरोबर न आणता. त्याच्यापाशी घरातून आलेला एकच शब्द असतो : 'जंतू'. ह्या शब्दाचा अर्थ त्याच्या मनात ठरलेला असतो. जंतू म्हणजे रोग.

पाठात निर्माण होणारा गोंधळ हा पुष्कळ अंशी विज्ञानाचा नसून शब्दांच्या इतिहासाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. नावाआधीची ओळख

सूक्ष्मजीवांना मराठीत नाव मिळण्यापूर्वी त्यांच्या कृत्यांना नावे मिळालेली होती. दूध नासते, दही लागते, भात आंबतो, आंबोळीचे पीठ फुगते, भाजी विटते, भाकरीवर बुरशी चढते, पाचोळा कुजतो. ह्या क्रियापदांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. ही सर्व अकर्मक आहेत. वाक्यातील कर्ता तो पदार्थच. त्याला नासविणारा, आंबविणारा असा कोणी वेगळा कर्ता वाक्यात नाही. घडणाऱ्या गोष्टीचे सूक्ष्म निरीक्षण भाषेत आहे, परंतु घडविणाऱ्याचे नाव नाही.

ह्याला एक उल्लेखनीय अपवाद 'विरजण' हा होय. कालच्या दह्याचा चमचाभर अंश आजच्या दुधात घातला की सर्व दूध दही होते. दूध फार कढत असेल तर विरजण वाया जाते. थंडीच्या दिवसांत भांडे उबेत ठेवावे लागते. बीज, तापमान आणि काल ह्या तीन गोष्टींवर प्रयोगशाळेतील संवर्धन अवलंबून असते, आणि त्या तिन्ही ह्या घरगुती ज्ञानात आलेल्या आहेत. गोव्यातील पावाच्या पिठात घातली जाणारी माडाची सूर हेही ह्याच जातीचे उदाहरण. येथे सूक्ष्मजीव उपकारक म्हणून परिचित आहे. फक्त तो जीव आहे, हे ठाऊक नाही.

संस्कृत परंपरेत 'कृमी' हा शब्द होता. अथर्ववेदातील सूक्तांत दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या अशा दोन्ही कृमींचा उल्लेख आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले असून रक्तात उत्पन्न होणारे काही कृमी इतके सूक्ष्म असतात की दिसत नाहीत, असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी ह्या विसांहून वेगळे असे 'सहज', म्हणजे जन्मापासून शरीरात असणारे कृमीही मानले आहेत, व टीकाकार चक्रपाणिदत्त ते विकार करीत नाहीत असे स्पष्ट करतो. ह्यावरून प्राचीनांना जीवाणू ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ते अनुमान होते, दर्शन नव्हते. आणि अनुमानाची कसोटी घेण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. मात्र शरीरात राहणारा प्रत्येक सूक्ष्म प्राणी हा शत्रूच असतो असे नाही, ही कल्पना त्या शब्दव्यवस्थेत बसू शकत होती, एवढे खरे.

२. डेल्फ्टचा कापडव्यापारी

प्रत्यक्ष दर्शनाचा मान हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) ह्याच्याकडे जातो. मिरी भिजत घातलेल्या पाण्यात त्याला अतिशय सूक्ष्म हालचाल करणारे जीव दिसले, आणि ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्राने त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. त्याला लॅटिन येत नव्हते. पत्र डच भाषेत होते. त्यात ह्या जीवांना त्याने 'लहानगे प्राणी' अशा अर्थाचा बोलभाषेतील लघुत्वदर्शक शब्द वापरला. पुढे विद्वानांच्या लॅटिनमध्ये त्याचे 'ॲनिमॅल्क्यूला' झाले. रॉबर्ट हूक ह्याने १६७७ मध्ये सोसायटीपुढे हा प्रयोग करून दाखविल्यावर शंका मावळल्या.

हे पहिले नाव म्हणजे केवळ वर्णन होते. जे हलते ते प्राणी, आणि जे प्राणी असून लहान ते लहानगे प्राणी. त्यात भय नव्हते. १६८३ मध्ये लेव्हेनहूकने दातांवरील किटणात असेच जीव पाहिले, तेव्हा आपल्या तोंडात देशातील माणसांपेक्षा अधिक प्राणी राहतात असे त्याने कौतुकाने लिहिले. रोगाशी त्यांचा संबंध जोडण्याचे त्याला कारण नव्हते.

त्यानंतर सुमारे शतकभर नामकरण पुढे सरकले नाही. सर्व सजीवांना नावे देण्याचा उद्योग करणाऱ्या लिनीअसनेही ह्या जीवांपैकी बऱ्याच जणांना १७६७ च्या आवृत्तीत 'कृमी' ह्या वर्गात घालून 'केऑस', म्हणजे अव्यवस्था, ह्या प्रजातीखाली ठेवले. जेथे वर्गीकरण थांबते तेथे अव्यवस्था हेच नाव, ही त्याची कबुली बोलकी आहे.

३. आकारावरून पडलेली नावे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्यूलर ह्याने थरथरणाऱ्या जीवांना 'व्हिब्रिओ' हे नाव दिले. लॅटिनमधील थरथरणे ह्या अर्थाच्या धातूपासून ते आले आहे. १८२८ मध्ये एरेनबेर्ख ह्याने काडीसारख्या जीवांसाठी 'बॅक्टेरियम' हे नाव योजले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ लहान काठी. १८७२ मध्ये फर्डिनांड कोन ह्याने 'बॅसिलस' ही प्रजाती व्यवस्थित मांडली. लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ लहान काठीच. दाण्यासारखे ते 'कॉकस', मळसूत्रासारखे ते 'स्पिरिलम'. हा सर्व नामसमूह आकार व गती ह्यांवर आधारलेला आहे. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून आकार दिसत होता, कार्य दिसत नव्हते. म्हणून भाषेनेही आकारच पकडला.

एक अडचण मात्र कायम राहिली. हे जीव प्राणी की वनस्पती? म्यूलर व एरेनबेर्ख ह्यांना ते प्राणी वाटले. नेगेली ह्याने १८५७ मध्ये त्यांना दुभंगून वाढणारी बुरशी ठरविले. हेकेल ह्याने १८६६ मध्ये वनस्पती व प्राणी ह्या दोहोंबाहेरचे तिसरे राज्य कल्पिले. त्याच १८५७ साली पाश्चरने दूध आंबण्याच्या क्रियेमागे सजीव कारण असल्याचे प्रतिपादन केले, परंतु त्या कारणाला त्याने यीस्टचाच शब्द लावला, कारण आंबविणाऱ्या सजीवासाठी दुसरा शब्द त्याच्यापाशी नव्हता. शोध पुढे गेला होता आणि भाषा मागे राहिली होती.

४. १८७८ : 'मायक्रोब' शब्दाचा जन्म

ही उणीव एका शल्यवैद्याने भरून काढली. चार्ल्स सेदिलो ह्याने मार्च १८७८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे पाश्चरच्या शोधांचा शस्त्रक्रियेवरील परिणाम ह्या विषयावर निबंध वाचला. प्राणी, वनस्पती, बुरशी हा वाद बाजूस ठेवून सर्वांना सामावून घेणारा एकच सोयीचा शब्द असावा, म्हणून त्याने 'मायक्रोब' सुचविला. ग्रीक 'मिक्रोस' म्हणजे लहान व 'बिओस' म्हणजे जीवन.

शब्द रूढ करण्यापूर्वी सेदिलोने कोशकार एमिल लित्रे ह्याचा अभिप्राय घेतला होता. लित्रेने एक शंका नोंदविली. ग्रीक भाषेच्या प्रकृतीप्रमाणे 'मॅक्रोबिओस' म्हणजे दीर्घायुषी. त्या न्यायाने 'मिक्रोबिओस' म्हणजे अल्पायुषी व्हावे, लहान जीव नव्हे. तरीही त्याने शब्दास संमती दिली, आणि टीका झाल्यास शब्द स्वतःचे रक्षण करील असा विश्वास व्यक्त केला. झालेही तसेच. पाश्चरने तो उचलला व जगभर पसरविला. पारिभाषिक शब्दाची शुद्धता व्युत्पत्तीत नसून उपयोगात असते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. 'मायक्रोब' ह्या शब्दाचे सामर्थ्य त्याच्या तटस्थतेत होते. तो आकार सांगत नाही, राज्य सांगत नाही, गुणदोषही सांगत नाही.

ह्याच वर्षी जोसेफ लिस्टरने आंबलेल्या दुधातून एक जीवाणू निर्भेळ स्वरूपात वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. निर्भेळ संवर्धनाच्या पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. रोगाच्या नव्हे, दुधाच्या निमित्ताने हे यश मिळाले, ही गोष्ट शालेय पाठात क्वचितच येते. लोकांच्या मनावर ठसा उमटला तो मात्र रॉबर्ट कॉखच्या शोधांचा : १८७६ मध्ये काळपुळी, १८८२ मध्ये क्षय, आणि १८८३–८४ मध्ये इजिप्त व कोलकाता येथे पटकी. इंग्रजीतील 'जर्म' ह्या शब्दाचा मूळ अर्थ कोंब किंवा बीज. परंतु ह्या काळानंतर सामान्य बोलण्यात त्याला रोगबीज हाच अर्थ उरला. भाषाशास्त्रात ज्याला अर्थापकर्ष म्हणतात, तो असा.

५. विष, लस आणि विषाणू

लॅटिन 'व्हायरस' म्हणजे चिकट स्राव, विष. १७९८ मध्ये जेन्नरने गोस्तनदेवीच्या फोडातील द्रवास हाच शब्द वापरला. मराठीत जखमेतून झिरपणाऱ्या द्रवाला 'लस' म्हणतात. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. भारतातील यशस्वी लसीकरणाची सुरुवात येथून मानतात. एका बाहूच्या फोडातील लस दुसऱ्या बाहूत, अशी ती पद्धत होती. म्हणजे युरोपात 'व्हायरस' आणि मराठीत 'लस' हे दोन्ही शब्द मुळात स्रावाचे, एकाच वस्तूला लागू पडणारे. पुढे त्यांच्या वाटा फुटल्या. 'लस' हा शब्द संरक्षक द्रव्याकडे गेला व त्याला अर्थोत्कर्ष लाभला. 'व्हायरस' रोगकारकाकडे गेला.

१८९२ मध्ये इव्हानोव्हस्कीने आणि १८९८ मध्ये बायेरिंकने दाखविले की, तंबाखूच्या पानावरील एका रोगाचे कारण जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही पलीकडे जाते. ते काय आहे हे कळत नव्हते, म्हणून बायेरिंकने जुना 'व्हायरस' हाच शब्द ठेवला. १९३५ मध्ये स्टॅन्लीने त्याचे स्फटिक मिळविले आणि १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे रूप प्रथम दिसले. म्हणजे 'व्हायरस' हे नाव दर्शनाच्या कित्येक दशके आधीचे आहे. मराठी 'विषाणू' ह्या शब्दात हाच इतिहास उतरला आहे : 'विष' हा लॅटिन अर्थाचा अनुवाद, व 'अणू' ही नंतर कळलेली कणरूपता. तथापि सर्वच विषाणू माणसास विष नव्हेत. १९१५ मध्ये ट्वॉर्टने व १९१७ मध्ये देरेलने ज्यांचे वर्णन केले, ते विषाणू जीवाणूंनाच ग्रासतात.

६. मुंबईचा प्लेग आणि 'जंतू'

'जंतू' हा शब्द जन् ह्या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ जन्मास आलेला, कोणताही प्राणी. भगवद्गीतेत अज्ञानाने मोहित होणाऱ्या जीवांना, म्हणजे माणसांनाही, तो लावलेला आहे. मराठीत 'जीवजंतू' ह्या जोडशब्दात तो लहान प्राण्यांपुरता राहिला, आणि 'जंत' ह्या तद्भव रूपात पोटातील कृमींपुरता. हा अर्थसंकोच जुना. रोगबीज हा अर्थ त्याच संकोचाच्या वाटेने पुढे आला.

तो अर्थ ज्या अनुभवाने जनमनात घट्ट झाला असावा, त्यांत प्लेगचे स्थान मोठे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगास ह्यांनी रोग ओळखला. प्लेगचा जीवाणू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येर्सँने शोधला होता. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते जीवाणू वाढवीत व उष्णतेने मारून त्यांची लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली; १९२५ पासून ती संस्था हाफकिनच्या नावाने ओळखली जाते.

प्रयोगशाळेतील ही घडामोड लोकांना दिसत नव्हती. त्यांना दिसत होते ते १८९७ च्या साथरोग कायद्याखाली होणारे घरांचे झाडे, रोग्यांना व त्यांच्या आप्तांना दूर नेणे, कार्बोलिकची फवारणी, चुन्याचे हात. पुण्यात ह्या कारवाईचा संताप २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात प्रकटला. सूक्ष्मजीवाची कल्पना अशा रीतीने सरकारी सक्तीच्या पाठोपाठ घरात आली. ह्याच काळात लोकांचे स्वतःचे निरीक्षण पुन्हा एका क्रियापदात साठले : 'उंदीर पडू लागले' की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावयाचे. १८९८ मध्ये सिमाँने कराचीत उंदरांवरील पिसवांचा दुवा दाखविला, तेव्हा हे निरीक्षण योग्य दिशेचे होते असे ठरले.

ह्या इतिहासातील एक प्रसंग संज्ञांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना हाफकिनची लस टोचली गेली. त्यांतील एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. ठपका हाफकिनवर आला. दूषण प्रयोगशाळेत नव्हे तर गावात बाटली उघडताना झाले असले पाहिजे, हे पुढे तज्ज्ञांनी दाखविले व १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. त्या बाटलीत दोन प्रकारचे सूक्ष्मजीव होते. प्लेगचे मारलेले जीवाणू हे संरक्षण होते. धनुर्वाताचे जिवंत जीवाणू हे मरण होते. हे दुसरे जीवाणू एरवी मातीत निरुपद्रवीपणे पडून असतात. दोघांनाही 'जंतू' म्हटले की घटनेचा अर्थच लागत नाही.

तरीही मराठीत ह्या शब्दाचे कुल वाढले ते एकाच दिशेने. जंतुनाशक, जंतुसंसर्ग, जंतुदोष, निर्जंतुक ह्या शब्दांत जंतू नेहमी घालविण्याची वस्तू आहे. दह्यातील जीवाणूस कोणी सहजपणे जंतू म्हणत नाही, ही ह्या अर्थापकर्षाची सर्वांत सोपी चाचणी होय.

७. 'अणू'ची अडचण

विसाव्या शतकात परिभाषा बनविणाऱ्यांनी ह्या शब्दाभोवतीचे भय टाळण्यासाठी 'जीवाणू' व 'सूक्ष्मजीव' हे शब्द पुढे आणले. 'सूक्ष्मजंतू' हाही शब्द चालला, पण त्यात जुना जंतू शिल्लक होता. 'जीवाणू' सुटसुटीत असला तरी त्याचा अर्थ सर्व भारतीय भाषांत एक नाही. हिंदी व मराठीत तो बॅक्टेरियासाठी आहे. बंगालीत तोच शब्द कोणत्याही रोगकारक सूक्ष्मजीवास लागतो. हिंदीने ह्या शेवटच्या अर्थासाठी 'रोगाणु' हा वेगळा शब्द केला, आणि त्यामुळे तेथे 'जीवाणु' तटस्थ राहणे सुलभ झाले. मराठीत ती जागा 'जंतू'कडेच राहिली.

दुसरी अडचण 'अणू' ह्या घटकाची. संस्कृतात अणू म्हणजे अतिसूक्ष्म. मराठी रसायनशास्त्रात मात्र अणू ही मूलद्रव्याच्या कणाची संज्ञा आहे व अनेक अणूंचा मिळून रेणू होतो. हिंदीत रेणूला 'अणु' आणि अणूला 'परमाणु' म्हणतात. एकाच वर्षी एकाच पुस्तकात अणू, रेणू, जीवाणू व विषाणू शिकणारा विद्यार्थी ह्या चौघांना एका मापाचे समजला तर तो दोष त्याचा नव्हे. सामान्य जीवाणूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते, आणि त्याच्या एका पेशीत अब्जावधी अणू असतात. विषाणू त्याहून पुष्कळ लहान, परंतु तोही असंख्य अणूंचा बनलेला. शिक्षकाने हे एक वाक्य सांगितले तर शब्दाने केलेली दिशाभूल टळते.

८. पाठाची मांडणी

ह्या इतिहासाचा शालेय पाठाशी काय संबंध? पहिला संबंध व्याख्येचा. 'नुसत्या डोळ्यांना न दिसणारे' ही व्याख्या लेव्हेनहूकच्या भिंगातून आलेली आहे. ती पाहणाऱ्याचे वर्णन करते, पाहिलेल्याचे नव्हे. भाकरीवरची बुरशी डोळ्यांना दिसते, तरी ती ह्याच पाठात असते. २०२२ मध्ये कॅरिबियन बेटांवरील खारफुटीत आढळलेल्या एका जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची लांबी सुमारे एक सेंटिमीटर भरते. व्याख्या सोयीची आहे, निसर्गनियम नाही, हे सांगितलेले बरे.

दुसरा संबंध गुणदोषांचा. राज्याच्या २०१७ च्या नववीच्या पुस्तकात उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव अशी विभागणी होती. राष्ट्रीय पातळीवरील आठवीच्या पुस्तकात मित्र आणि शत्रू असे शीर्षक योजले गेले. 'जंतू'च्या एकांगी अर्थावर हा उतारा म्हणून योग्यच. परंतु उपयुक्तता हा जीवाचा गुण नसून प्रसंगाचा आहे. आतड्यात निमूटपणे राहणारा जीवाणू मूत्रमार्गात शिरला तर रोग करतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार सरासरी मनुष्यदेहात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, आणि देहाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. ह्या सहवासाला मित्र किंवा शत्रू ह्यांपैकी कोणताही एक शब्द पुरत नाही.

तिसरा संबंध सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचा परिणाम वर्गाबाहेर होतो. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. सर्दी विषाणूंमुळे होते. परंतु ज्याच्या मनात दोहोंसाठी 'जंतू' हा एकच शब्द आहे, त्याला सर्दीवर प्रतिजैविक मागण्यात काहीच विसंगती दिसत नाही. औषध जंतूंवरचे, आणि आजार जंतूंचा. अशा अनावश्यक वापराने औषधांना दाद न देणारे जीवाणू वाढतात. २०२० च्या महामारीत 'विषाणू' हा शब्द घरोघरी पोहोचला; पण तो 'जंतू'चा नवा पर्याय म्हणून पोहोचला की वेगळी संज्ञा म्हणून, हे शाळेतील पाठावर अवलंबून आहे.

म्हणून हा पाठ व्याख्येऐवजी क्रियापदांपासून सुरू करणे अधिक श्रेयस्कर ठरेल. नासणे, आंबणे, लागणे, फुगणे, कुजणे हे विद्यार्थ्यास ठाऊक आहे. ह्या प्रत्येक वाक्यात कर्ता कोण, असा प्रश्न त्यास विचारावा. जुन्या मराठी वाक्यात ती जागा पदार्थाने व्यापलेली होती. तिचा खरा धनी कोण, हे सूक्ष्मदर्शकाने दाखविले. एकदा तो सापडला की त्याची नावे यथाक्रम येतील, आणि दह्यातील जीवाणू व प्लेगचा जीवाणू एकाच कुळातले का, हे सांगताना 'जंतू' ह्या शब्दाचे भय आपोआप कमी होईल. शब्द हद्दपार करण्याची गरज नाही. त्याची मर्यादा विद्यार्थ्यास कळली, म्हणजे पुरे.